मुरलेला धूर

१

रविवारी दुपारी चार वाजता काकासाहेब सिगार पेटवायचे आणि मी समोर बसून तो बघायचो. बारा वर्षं हा क्रम चालला. 'बघायचो' असंच म्हणायला हवं, कारण ओढायला त्यांनी मला एकदाही दिला नाही. दिल्लीत, मंत्रालयात ते माझे वरिष्ठ होते. मयूर विहारच्या सोसायटीतही त्यांचा ब्लॉक आमच्या पुढचा, तेव्हा न मिळालेल्या गोष्टीबद्दल तक्रार करायची मला सवय नव्हती. चहा मात्र मिळायचा. तो कृष्णाबाई काकू करायच्या आणि इतका पाणचट असायचा की माझी बायको अलकनंदा मला घरून चहा पाजूनच पाठवायची. काकूंच्या हातचं काहीच कोणी आवडीनं खात नसे. गणपतीत त्यांच्या घरचा शिरा सोसायटीतली मुलं हळूच कुंड्यांत टाकायची.

सिगारची पेटी सदुसष्ट सालची. कुठल्याशा परदेशी शिष्टमंडळानं ती काकासाहेबांना भेट दिली होती आणि आतले सिगार संपत आले की काकासाहेब नवे आणून तिच्यातच भरायचे. सिगार लोणच्यासारखा मुरावा लागतो, असं ते म्हणायचे. दिल्लीच्या लूमध्ये तंबाखूचा भुगा व्हायला आठवडा पुरतो, म्हणून पेटी स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारी असायची. आत ओल्या स्पंजचा तुकडा. घरात सगळ्यात जास्त वाफ तिथेच असते, हे त्यांचं म्हणणं. सरकारी क्वार्टर सुटलं, घरं बदलली, पण पेटीची जागा बदलली नाही.

मार्चमध्ये काकासाहेब गेले. जुलैच्या शेवटी काकूंनी मला बोलावून पेटी हातात दिली.

"आठ उरलेत," त्या म्हणाल्या. "तू ओढ. स्वयंपाकघरातच ठेव, म्हणजे वाळायचे नाहीत. आणि ओढलास की मला येऊन सांग, कसा लागला ते."

काकूंना सिगारमधलं काय कळणार, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"बिल्कुल सांगेन," मी म्हणालो.

२

पेटी मी आमच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली आणि ऑगस्टातल्या पहिल्या रविवारी बाल्कनीत बसलो. दोन वेताच्या खुर्च्या आणि पाहुण्यांसाठी एक मुढा, म्हणजे वेताचं बसकं स्टूल, एवढाच आमचा सरंजाम. बारा वर्षं बघितल्यामुळे विधी पाठ होता. टोक कापायचं ते नखाएवढंच. सिगार ज्योतीत धरायचा नाही, ज्योतीच्या वर धरून फिरवत शेकायचा. धूर छातीत न घेता तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. मिनिटाला एक झुरका. राख झटकायची नाही; चांगल्या सिगारची राख दीड इंचापर्यंत आपली आपण टिकते.

पहिले चार झुरके नुसतं कोरडं लाकूड लागलं. मग जिभेच्या मागच्या बाजूला गोडवा आला. आधी गूळ वाटला. पण ते आटवलेलं दूध होतं. त्यावर जायफळ, आणि मागाहून केशराची किंचित कडवट छटा. दाताखाली साय आल्याचा भासही झाला. मी सिगार तोंडातून काढून उलटसुलट करून पाहिला. आजवर खाल्लेल्या कुठल्याही बासुंदीहून चांगली बासुंदी मी ओढत होतो. अर्ध्यावर आल्यावर ओला मोगरा आला, कोऱ्या लुगड्याची खळ आली, ताज्या लिंबाच्या लोणच्याची आंबट कळ आली. सव्वा तासानं तो विझला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मी सरकारी माणूस. कारण सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तंबाखू आजूबाजूचे वास ओढून घेते, हे कोणीही पानवाला सांगेल. पेटी तीस वर्षं स्वयंपाकघरात होती, त्यामुळे तिला स्वयंपाकघराचे वास लागले, इतकं सरळ. फक्त काकूंच्या स्वयंपाकघरात असली बासुंदी कधी झाली होती, एवढंच कळेना.

कबूल केल्याप्रमाणे मी काकूंना सांगायला गेलो.

"जायफळ लागलं?" त्यांनी लगेच विचारलं. मी अजून जायफळाचं नाव काढलं नव्हतं.

"लागलं."

"जास्त पडलं होतं, की बेताचं?"

"बेताचं," मी म्हणालो. काकूंनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. म्हातारपणी नवऱ्याची आठवण काढण्याची ही एक तऱ्हा असेल, असं समजून मी घरी आलो.

संध्याकाळी जेवताना मी अलकनंदाला म्हणालो, "आज आमटीत मीठ राहिलं वाटतं."

तिनं चव घेतली. "बरोबर आहे की. तंबाखूनं तोंड खराब झालंय तुमचं."

हे बोलणं तिला लागलं असणार, कारण मीठ हा तिच्या अभिमानाचा विषय. नैवेद्याचं आणि श्राद्धाचं जेवण करताना चव बघायची नसते. आमच्याकडे वर्षातून दहा-बारा वेळा असा स्वयंपाक होतो आणि तो अलकनंदा निव्वळ वासावर करते. उकळत्या पातेल्यावर मान झुकवते, एकदा श्वास घेते आणि चिमूट टाकते. तीस वर्षांत ती चुकली नव्हती. तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, आयुष्यात तिची एकच स्तुती केली होती: "हिला नाक आहे." त्या तीन शब्दांवर अलकनंदानं संसार केला, असं मी तिला चिडवायचो.

३

त्यानंतर पंधरवड्यात माझी आमटी गेली, चहा गेला, टूथपेस्टसुद्धा गेली. सगळं नुसतं गरम किंवा गार, मऊ किंवा कडक. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली आणि ते म्हणाले, "ज़ुकाम के बाद हो जाता है, साहब. उमर भी तो है." मला सर्दी झाली नव्हती, पण मी मान डोलावली.

सोमवार ते शनिवार मी चघळायचो आणि गिळायचो. रविवारी चार वाजता सगळं परत मिळायचं. दुसऱ्या सिगारमध्ये काकूंची बासुंदी अगदी पुसट होती. तिच्यामागून जे आलं ते ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. ती आमची आमटी होती. आमसूल, गोडा मसाला, हिंगाची फोडणी, आणि मीठ. पहिल्या रविवारी मला लागलं नव्हतं ते मीठ. तिसऱ्यात ऑफिसच्या कँटीनचा आलं घातलेला चहा होता. चौथ्यात वडिलांचा दाढीचा साबण होता, चाळीस वर्षांत मी तो वास घेतला नव्हता.

खरं तर त्याच वेळी पेटी उचलून फेकायला हवी होती. पण आठवडाभर उपाशी राहिलेल्या माणसाला एकदाच पान वाढलं जात असेल, तर ते कोणी वाढलं याची चौकशी तो करत नाही. मी रविवारची वाट बघायला लागलो. अलकनंदा मुढ्यावर बसून गवार मोडायची, मी धूर सोडायचो, आणि तो तिच्यावरून घरात जायचा.

"वास चांगला आहे हां याचा," ती एकदा म्हणाली. "कसलातरी ओळखीचा आहे."

पाचव्या रविवारी मला एक गोष्ट दिसली. अलकनंदा नुकतीच आत गेली होती. मी सिगार रक्षापात्राच्या खाचेत ठेवला होता आणि पेपर वाचत होतो. सहज नजर गेली तर निखारा फुलत होता. फुलला, दोन-तीन क्षण लाल राहिला, मंदावला. थोड्या वेळानं पुन्हा फुलला. मी घड्याळ लावून पाहिलं. मिनिटाला एकदा. वाऱ्याचं म्हणावं तर समोरच्या दोरीवरचा टॉवेल सरळ लोंबत होता. मी सिगार उचलून तोंडात धरला. तेवढाच त्याचा फुकट जळणारा भाग वाचेल, असाच विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला. दुसरा विचार यायला हवा होता, हे आता कळतं.

त्याच आठवड्यात अलकनंदा कुकरखालचा गॅस सुरू करून काडी ओढायला विसरली आणि तशीच ओट्यापाशी उभी राहिली. गॅसचा वास आला नाही का, असं शेजारीण धावत येऊन विचारत होती. आम्हा दोघांनाही आला नव्हता. माझं नाक गेलंय हे तर ठाऊकच होतं. अलकनंदा म्हणाली, "लक्ष नव्हतं माझं." मी तिच्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. माझी चव गेली तर गेली. तिचं नाक जाणं म्हणजे तिचं सगळंच जाणं, आणि तो विचार मी पुढे जाऊ दिला नाही. सहावा सिगारही ओढला.

४

पितृपक्षात आईची तिथी आली. गुरुजी नया बाजारकडून बसनं यायचे होते आणि धाकटा भाऊ विनायक गाझियाबादहून. अलकनंदा पहाटेपासून ओट्याशी होती. तांदळाची खीर, वडे, कढी, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं रीतसर, कशाचीही चव न बघता. मी दोनदा आत डोकावलो. ती पातेल्यावर वाकून उभी होती, नेहमीपेक्षा बराच वेळ. मग चिमूट टाकायची. मग पुन्हा वाकायची आणि आणखी एक चिमूट टाकायची.

विनायक दारातच थांबला. "दादा, दूध लागलंय का रे? जिन्यापर्यंत वास येतोय."

मी आत बघितलं. अलकनंदा खीर ढवळत होती. तिनं मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "कसला वास?"

श्राद्धाचं जेवण गुरुजींनी मुकाट्यानं करायचं असतं. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, वाखाणायचंही नाही. गुरुजी मुकाट्यानं जेवले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि प्रत्येक घासानंतर ते पाण्याचं भांडं उचलत होते. पण पानात काही टाकलं नाही. दक्षिणा घेऊन ते इतक्या घाईनं उठले की छत्री विसरले.

मग आम्ही भाऊ बसलो. मी कढीचा भुरका मारला. गरम होती आणि पातळ होती, बाकी मला काय कळणार. पण अलकनंदा वाढायला उभी होती आणि दरवर्षी मी जे बोलतो ते तिला ऐकायचं होतं.

"कढी झकास झालीय, अलका," मी म्हणालो. "मीठ अगदी मोजून."

विनायक तोंडात घास धरून माझ्याकडे बघत राहिला. मग उठून बेसिनपाशी गेला आणि थुंकला. परत येऊन तो उभाच राहिला.

"वहिनी, सॉरी हां," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण कढी तोंडात धरवत नाहीये. भाजीत मीठच नाही. खीर करपलीय. दादा, तू कशाला खोटं बोलतोयस?"

अलकनंदानं माझ्या वाटीतली कढी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. पुन्हा घेतली. मग वाटी उचलून अर्धी प्यायली. तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही, आंबटपण नाही, खारटपण नाही. वाटी खाली ठेवून ती माझ्याकडे बघायला लागली.

"अहो," ती म्हणाली, "मला काहीच लागत नाहीये."

५

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला न जाता काकूंकडे गेलो. त्या दहीभात खात होत्या. लहान मूल औषध पितं तसा एकेक घास संपवत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"बस," त्या म्हणाल्या. "एकोणसत्तर साली माझं जायफळ गेलं. मग मोगरा. मीठ सगळ्यात शेवटी. लोक म्हणायला लागले, कृष्णाबाईंच्या हाताची चव गेली. हाताची कुठली जायला."

"काकासाहेबांना सांगितलं नाहीत?"

"ते डोळे मिटून ओढत बसायचे. मी विचारायचे, काय लागतंय हो? म्हणायचे, तुला काय कळणार त्यातलं. जन्मभर मी विचारत होते रे. एकदासुद्धा सांगितलं नाही." त्यांनी ताट बाजूला सारलं. "तू सांगितलंस. बेताचं होतं म्हणालास. फार बरं वाटलं मला."

मला राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसती भीती वाटली. "दोन उरलेत," मी म्हणालो. "यमुनेत टाकतो आजच. टाकले तर तिचं परत येईल?"

"माझी बासुंदी तू ओढलीस ना? ती आता मी कुठून आणू?" काकू हे अगदी शांतपणे म्हणाल्या. "त्या दोनांत तिचं जे असेल ते असेल. टाकलंस तर गेलं. ओढलंस तर गेलं. ठेवलंस तर आणखी जाईल."

"पण घेतं कोण हे?"

"मला कधी दिसलं नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या पुढे वाकल्या आणि लहान मुलीसारख्या उत्सुकतेनं त्यांनी विचारलं, "श्रीरंग, अलकनंदा कशी लागते रे?"

मी चप्पल न घालताच जिना उतरलो.

६

निजामुद्दीनच्या पुलावर लोक जाळीच्या फटींतून निर्माल्याच्या पिशव्या नदीत टाकतात, तिथेच पेटी टाकायची, असं मी ठरवलं होतं. गेलेलं परत येणार नसेल तर निदान पुढचं तरी थांबेल. एवढ्या एका गोष्टीवर मी काकूंकडून घरापर्यंत चालत आलो.

स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी पेटी नव्हती. ती बाल्कनीत होती, अलकनंदाच्या मांडीवर, उघडी. अलकनंदा वेताच्या खुर्चीत टेकून बसली होती आणि तिच्या हातात पेटलेला सिगार होता. जन्मात तिनं सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. पण सिगार तिनं अगदी रीतीनं धरला होता आणि राख दीड इंच झाली होती.

"अलका, दे इकडे तो."

"थांबा हो," ती डोळे न उघडता म्हणाली. "पानाची डावी बाजू झाली. चटणी झाली, लोणचं झालं. आता कढी आलीय." ती हसली. आदल्या दिवसापासून ती हसली नव्हती. "मीठ बरोबर आहे. मी घालते तेवढंच. कालच्यासारखं नाही."

माझा हात पुढे झाला होता. तो मी मागे घेतला. तिच्या तोंडून तो घास काढून घेण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो.

तिनं सिगार तोंडापासून दूर, मुढ्याच्या बाजूला धरला होता. निखारा आपोआप फुलला. मी पाहत राहिलो. धूर वर जात नव्हता. तो आडवा वळत होता, रिकाम्या मुढ्यावर, बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तितक्या उंचीवर. तिथे त्याचे दोन बारीक धागे होत होते, जवळजवळ, आणि ते आत जात होते. निखारा मंदावला. मी बाहेर येणाऱ्या धुराची वाट पाहिली. तो बाहेर आला नाही. मग मुढ्याचा वेत करकरला. आपण खुर्चीत नीट सरकून बसलो की जसं करकरतं, तसंच.

मी अलकनंदाचं मनगट धरलं. तिनं डोळे उघडले, सिगार तोंडाला लावला, आणि तिच्या कपाळावर आठी आली. तिनं पुन्हा झुरका घेतला.

"अहो, लागेनासं झालं," ती म्हणाली. "कढी होती आत्ता. बघा बरं तुम्ही, मला काहीच येत नाहीये. कढीनंतर काय आहे?"

तिनं सिगार माझ्या हातात दिला. अजून अर्धा शिल्लक होता. मी काकासाहेबांसारखा हळू झुरका घेतला, धूर जिभेवर, टाळूवर, गालांत घोळवला. कढी नव्हती. आमटी नव्हती, साबण नव्हता, कोरडं लाकूडसुद्धा नव्हतं. तोंडात काहीतरी गरम आहे एवढंच कळलं.

अलकनंदा दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती.

"सांगा ना."

"वडे आहेत," मी म्हणालो. "कुरकुरीत. आत मऊ."

"आणि?"

"खीर. दूध छान आटलंय. लागलेलं नाही. वेलदोडा आहे."

तिनं मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. माझ्या बोटांत निखारा पुन्हा फुलला. मी तिकडे बघितलं नाही.

"अळूची भाजी?" तिनं विचारलं.

तीस वर्षं मी ती भाजी खाल्ली होती. ती हिरवी असते आणि तिच्यात शेंगदाणे असतात, हे मला आठवत होतं. ती गोड असते की आंबट, ते काही केल्या आठवेना. अलकनंदा वाट बघत होती.